रुग्णनोंदींचे गोपन : संगणकावरील वापरकर्ता-गट आणि आज्ञा-ओळ

विषयप्रवेश



चिकित्सालयात संगणक आला तेव्हा आपण सर्वांनीच त्याचे स्वागत केले. रुग्णपत्रांचे गठ्ठे कमी झाले, औषधांचा साठा चटकन पाहता येऊ लागला. परंतु रुग्णपत्रांच्या कपाटाला जे कुलूप होते, ते संगणकाला लावावयाचे आपल्यापैकी अनेकांकडून राहून गेले. प्रस्तुत लेखात हे कुलूप कसे लावावे, म्हणजेच संगणक वापरणाऱ्यांचे गट करून कोणास काय पाहता यावे हे आज्ञा-ओळीवरून कसे ठरवावे, याचा विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. २०२१ सालापर्यंत आमच्या चिकित्सालयात एक संगणक, एकच खाते आणि एकच पासवर्ड असा कारभार होता. तो पासवर्डही चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. आम्ही, आमच्या सहचारी वैद्या, औषध देणारे सहायक आणि नावनोंदणी करणारी मुलगी असे चौघेही त्याच खात्यातून काम करीत असू. वंध्यत्वाची चिकित्सा घेणाऱ्या एका भगिनी एके दिवशी आल्या, त्या औषध घेण्यासाठी नव्हे. आमच्याकडे नोंदविलेला त्यांचा पूर्ववृत्तांत त्यांना शेजारणीच्या तोंडून ऐकावा लागला होता. चौकशी केली तेव्हा कळले, की सहायकाने औषधांची यादी शोधताना रुग्णपत्र उघडले, वाचले आणि घरी सहज बोलण्यात ते निघाले. त्यात दुष्टावा नव्हता. आम्ही दारच उघडे ठेवले होते. त्या भगिनी एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, वहीत लिहीत होतात तेव्हाच बरं होतं.” त्या पुन्हा आल्या नाहीत.

शास्त्रविचार

रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर काढू नये, हा उपदेश आपणांस नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला जी आचारसंहिता सांगितली आहे, तीत तो स्पष्टपणे आला आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही, ज्याच्या हाती माहिती आहे त्याने तिच्या रक्षणाची वाजवी तजवीज करावी, हेच तत्त्व आहे.

गटांची कल्पनादेखील वैद्याला परकी वाटू नये. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय आणि प्रत्येकात दहा द्रव्ये, अशी पाचशेंची गणना आहे. तेथे अग्निवेशाने शंका घेतली, की तीच ती द्रव्ये निरनिराळ्या गणांत पुन्हा येतात, मग पाचशे ही संख्या भरते कशी? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा, की एकच व्यक्ती निरनिराळी कार्ये करते तेव्हा तिला त्या त्या कार्यानुसार निरनिराळ्या संज्ञा मिळतात, द्रव्यांचेही तसेच. यष्टिमधु हे द्रव्य एकच, परंतु ते जीवनीय, संधानीय, वर्ण्य आणि कण्ठ्य या गणांत आढळते.

संगणकावरील गटव्यवस्थेचे सारे मर्म या उत्तरात आहे. अधिकार व्यक्तीला द्यावयाचा नसून कार्याला द्यावयाचा असतो. व्यक्ती त्या कार्याच्या गटात येते आणि कार्य संपले की गटातून बाहेर पडते.

संज्ञापरिचय

आमच्या संगणकावर लिनक्स परिवारातील उबंटू ही प्रणाली आहे. त्यामुळे पुढील विवेचन तिला अनुसरून आहे. विंडोजविषयी शेवटी स्वतंत्रपणे सांगितले आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो आणि प्रत्येक गटालाही एक क्रमांक असतो. उबंटूवर सामान्य खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याचा क्रमांक शून्य असतो. प्रत्येक खात्याचा एक मुख्य गट असतो, आणि त्याखेरीज ते कितीही पूरक गटांत असू शकते. आपणांस काम आहे ते या पूरक गटांशी. ‘सुडो’ नावाचा एक पूरक गट उबंटूमध्ये आधीपासून असतो. त्यातील सदस्याला स्वतःचा पासवर्ड देऊन सर्वाधिकाऱ्याच्या आज्ञा चालविता येतात. म्हणून या गटात फार थोडे जण असावेत.

प्रत्येक फाईल व फोल्डर यांवर तीन जणांचे अधिकार लिहिलेले असतात : मालकाचे, गटाचे आणि इतरांचे. वाचनास ४, लेखनास २ आणि प्रवेशास १ असे अंक आहेत. तिन्ही मिळून ७ म्हणजे पूर्ण अधिकार, आणि ० म्हणजे काहीच नाही.

येथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात. त्यांची स्पेलिंगे येणेप्रमाणे :

सुडो : एस यू डी ओ
आयडी : आय डी
ग्रुपॲड : जी आर ओ यू पी ए डी डी
ॲडयूजर : ए डी डी यू एस ई आर
यूजरमॉड : यू एस ई आर एम ओ डी
जीपासडब्ल्यूडी : जी पी ए एस एस डब्ल्यू डी
गेटएंट : जी ई टी ई एन टी
एमकेडीर : एम के डी आय आर
सीएचजीआरपी : सी एच जी आर पी
सीएचमॉड : सी एच एम ओ डी

गटांची व खात्यांची नावे रोमन लिपीत आपल्या सोयीने लिहावीत. मात्र त्यांत मोठे अक्षर किंवा मोकळी जागा नसावी, आणि एकदा ठरविलेले स्पेलिंग सर्वत्र तेच ठेवावे.

पूर्वकर्म

पंचकर्माप्रमाणे येथेही पूर्वकर्म टाळले तर प्रधानकर्म बिघडते. तीन गोष्टी आधी कराव्यात.

१. कागदावर तक्ता करावा. आम्ही तीन गट ठरविले. ‘वैद्य’ या गटाला रुग्णपत्रे, ‘भेषज’ या गटाला औषधसाठा, खरेदी आणि औषधपत्रे, तर ‘नोंद’ या गटाला भेटीच्या वेळा व नावनोंदणी. आम्ही दोघे वैद्य तिन्ही गटांत. सहायक फक्त भेषज गटात. नोंदणी करणारी मुलगी फक्त नोंद गटात.

हा तक्ता करतानाच आमच्या ध्यानात आले, की औषध देणाऱ्याला कल्प, मात्रा, काल आणि अनुपान कळले म्हणजे पुरते. रोगाचा वृत्तांत त्याला लागत नाही. पूर्वी हे सारे एकाच फाईलमध्ये होते. ते आम्ही रुग्णपत्र आणि औषधपत्र असे वेगळे केले. हे विभाजन आधी झाले नसते, तर कोणत्याही आज्ञेचा उपयोग झाला नसता.

२. ‘आयडी’ ही आज्ञा देऊन आपले खाते आज कोणकोणत्या गटांत आहे, ते लिहून ठेवावे.

३. सर्वाधिकार असलेले दुसरे एक खाते काढून, त्यातून एकदा प्रवेश करून पाहावा आणि त्याचा पासवर्ड कुलूपबंद ठेवावा. याचे कारण ‘व्यापद’ या भागात येईल.

प्रधानकर्म

टर्मिनल उघडून प्रथम गट निर्माण करावेत :

सुडो ग्रुपॲड वैद्य
सुडो ग्रुपॲड भेषज
सुडो ग्रुपॲड नोंद

पासवर्ड विचारला जाईल. तो टंकताना पडद्यावर अक्षरे दिसत नाहीत, त्याने गोंधळून जाऊ नये. आज्ञा यशस्वी झाली तरी संगणक काही बोलत नाही. मौन हीच त्याची संमती होय.

नंतर प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र खाते काढावे :

सुडो ॲडयूजर सहायक

नवा पासवर्ड त्या व्यक्तीने स्वतः टंकावा. आता तिला गटात घ्यावे :

सुडो यूजरमॉड -एजी भेषज सहायक

यातील आडव्या रेघेनंतरचे ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठे टंकावे. आधी गटाचे नाव येते, नंतर खात्याचे. एकाच वेळी अनेक गट द्यावयाचे झाल्यास त्यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यावा, जागा सोडू नये. आम्हां दोघा वैद्यांची खाती याच रीतीने तिन्ही गटांत घेतली.

आता फोल्डर. मुळाशी असलेल्या ‘एसआरव्ही’ या फोल्डरमध्ये आम्ही ‘रुग्ण’ नावाचा फोल्डर केला :

सुडो एमकेडीर /एसआरव्ही/रुग्ण
सुडो सीएचजीआरपी वैद्य /एसआरव्ही/रुग्ण
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/रुग्ण

अंक अर्थातच इंग्रजी पद्धतीचे टंकावेत. शेवटच्या आज्ञेतील पहिला ७ मालकाचा, दुसरा ७ वैद्य गटाचा आणि ० इतरांचा. आरंभीचा २ महत्त्वाचा आहे. त्यामुळे या फोल्डरमध्ये पुढे जी नवी फाईल तयार होईल, ती कोणीही केली तरी आपोआप वैद्य गटाची होते. तो अंक राहिला तर नवी फाईल ती लिहिणाऱ्याच्या खासगी गटाची होते, आणि सहवैद्याला ती उघडताना अडचण येऊ शकते.

जुन्या फाईली येथे हलविल्या तर त्या आपला पूर्वीचा गट बरोबर आणतात. म्हणून त्या हलविल्यानंतर गट बदलण्याची आज्ञा आत असलेल्या सर्वांसाठी पुन्हा द्यावी. तीत मोठे ‘आर’ घालावे :

सुडो सीएचजीआरपी -आर वैद्य /एसआरव्ही/रुग्ण

भेषज आणि नोंद या गटांसाठी याच क्रमाने स्वतंत्र फोल्डर करावेत.

सहायक काम सोडून गेला तर त्याला गटातून काढावे आणि त्याचे खाते बंद करावे :

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी सहायक भेषज
सुडो यूजरमॉड -एल सहायक

पहिल्या आज्ञेत ‘डी’ लहान आहे आणि खात्याचे नाव आधी, गटाचे नंतर, म्हणजे यूजरमॉडच्या उलट क्रम आहे. दुसऱ्या आज्ञेतील ‘एल’ मोठे आहे. तिने त्या खात्याचा पासवर्ड चालेनासा होतो. नव्या सहायकाला भेषज गटात घेतले की काम झाले. फोल्डरला हात लावावा लागत नाही. अधिकार कार्याला दिल्याचा हा लाभ होय.

पश्चात्कर्म

गटातील बदल चालू बैठकीला लागू होत नाही. ज्याला गटात घेतले किंवा गटातून काढले, त्याने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला पाहिजे. काम सोडणाऱ्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. गटातून काढले तरी त्याची उघडी बैठक मिटेपर्यंत जुने अधिकार तिच्यात राहतात.

त्यानंतर तपासणी :

गेटएंट ग्रुप भेषज

उत्तरात विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी विभागलेले चार भाग दिसतात : गटाचे नाव, एक ‘एक्स’, गटाचा क्रमांक आणि सदस्यांची यादी. ज्यांचा तो मुख्य गट आहे त्यांची नावे या यादीत येत नाहीत. म्हणून विशिष्ट व्यक्तीविषयी खात्री करावयाची असल्यास ‘आयडी’ आणि त्यापुढे तिचे खातेनाव ही आज्ञा अधिक विश्वासार्ह.

खरी परीक्षा मात्र सहायकाच्या खात्यातून करावी. त्याला समोर बसवून रुग्ण फोल्डर उघडावयास सांगावे, आणि तो उघडत नाही हे दोघांनी पाहावे. आमच्या सहायकाला यात अविश्वास वाटेल अशी धास्ती होती. तो उलट म्हणाला, “सर, बरं झालं. आता काही बाहेर गेलं तर माझ्यावर यायचं नाही.”

व्यापद

१. ‘ए’ विसरणे. हा अपराध आमच्या हातून घडलेला आहे. आपलेच खाते भेषज गटात घेताना आम्ही ‘-एजी’ ऐवजी नुसते ‘-जी’ टंकले. या आज्ञेचा अर्थ ‘याही गटात घ्या’ असा नसून ‘पूरक गट एवढाच ठेवा’ असा आहे. पूर्वीची औषधे चालू ठेवून एक कल्प वाढविणे वेगळे, आणि पूर्वीचे सारे बंद करून तो एकच देणे वेगळे. लहान ‘ए’ म्हणजे ‘पूर्वीचे चालू ठेवून’. ते राहिले, म्हणून आमचे खाते सुडो गटातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तेव्हा आम्हांला एकही सर्वाधिकाराची आज्ञा देता येईना. वैद्य गटातूनही आम्ही बाहेर पडलो होतो, त्यामुळे बाहेर रुग्ण ताटकळत असताना स्वतःचीच रुग्णपत्रे आम्हांला उघडेनात. दुपारपर्यंत सारे कागदावर लिहावे लागले.

दुसरे सर्वाधिकारी खाते असते तर त्यातून प्रवेश करून एका ओळीत हे दुरुस्त झाले असते. ते नव्हते. मग संगणक पुन्हा सुरू करून, आरंभीच्या सूचीतून रिकव्हरी मोड आणि त्यातील रूट शेल निवडावे लागले. तेथे फाईलव्यवस्था केवळ वाचनासाठी उघडलेली होती. ती लेखनासाठी उघडून, मग यूजरमॉडच्या आज्ञेने आम्ही स्वतःला सुडो गटात परत घेतले. बाकीचे गट नंतर पूर्वकर्मातील यादी पाहून भरले.

२. रिकव्हरी मोडचा हाच मार्ग दुसऱ्यालाही खुला असतो. ज्याच्या हाती संगणकच पडला, त्याला गटांची भिंत अडवू शकत नाही. तिचा उपयोग चिकित्सालयात वावरणाऱ्यांमध्ये मर्यादा घालण्यापुरता. चोरीची भीती असेल तर डिस्कचे सांकेतिकीकरण करावे; उबंटू स्थापित करतानाच तो पर्याय मिळतो.

३. पेनड्राइव्हवरील प्रत. बाजारातील पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांवर गट आणि अधिकार यांची नोंद राहत नाही. रुग्ण फोल्डरची प्रत त्यावर गेली की ती सर्वांना मोकळी. अशी प्रत कुलपातच ठेवावी.

४. गट पुसून टाकणे. गट पुसला तरी त्याच्या फाईली राहतात. फक्त नावाऐवजी क्रमांक दिसू लागतो. पुढे एखादा नवा गट तोच क्रमांक घेऊ शकतो, आणि मग जुन्या फाईलींवर त्याचा अधिकार चालतो. म्हणून गट पुसण्यापूर्वी त्याच्या फाईली दुसऱ्या गटाकडे द्याव्यात.

५. चिकित्सालयाची संगणक-कार्यप्रणाली विकत घेतली असेल तर तिची स्वतःची खाती व अधिकार वेगळे असतात. तेथेही हाच तक्ता लागू करावा. एका ठिकाणचे कुलूप दुसऱ्या दाराला लागत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘नेट लोकलग्रुप’ ही आज्ञा वापरावी. तिची स्पेलिंगे एन ई टी, मग जागा सोडून, एल ओ सी ए एल जी आर ओ यू पी अशी आहेत. तिच्यापुढे गटाचे नाव आणि ‘/ॲड’ दिले की गट निर्माण होतो. गटाचे नाव, खात्याचे नाव आणि ‘/ॲड’ दिले की ते खाते गटात येते, आणि येथे पूर्वीचे गट सुटत नाहीत. ‘/डिलीट’ने सदस्य काढता येतो; परंतु खात्याचे नाव लिहावयाचे राहिले तर तीच आज्ञा अख्खा गट काढून टाकते. गट सांभाळण्याची खिडकी विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही, मात्र ही आज्ञा तेथेही चालते. गट झाल्यावर फोल्डरच्या गुणधर्मांतील सुरक्षा या भागात त्याला अधिकार द्यावा, आणि पूर्वी सर्वांना दिलेला अधिकार काढावा. हे दुसरे पाऊल राहिले तर पहिले व्यर्थ होय.

उपसंहार

औषधालयात मुदत संपलेले कल्प आपण ठरावीक काळाने बाजूला काढतो. तद्वत दर तीन महिन्यांनी प्रत्येक गटाची यादी पाहावी. जे काम सोडून गेले, ज्यांचे काम बदलले, त्यांची नावे काढावीत. आम्ही या कामासाठी साठामोजणीचाच दिवस ठरविला आहे. सारे मिळून पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही.

ज्यांना एवढे सर्व एकदम करणे शक्य नाही, त्यांनी आज चिकित्सालय बंद करण्यापूर्वी निदान पडद्यावरची पासवर्डची चिठ्ठी काढावी आणि कागदावर तीन स्तंभ आखून कोणास काय लागते ते लिहावे. आज्ञा उद्या देता येतील. रुग्ण आपल्यापुढे जे बोलतो, ते आपण एकट्यानेच ऐकले असे समजून बोलतो. त्याचा तो समज खरा ठरविणे आपल्या हाती आहे.